साडेतीन फुटांचा ओटा

मी, ॲड. वैजनाथ बसलिंगप्पा हलबर्गे, वय ७१, राहणार लातूर, सकाळचा चहा घेऊन, चष्मा लावून, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने उलटतपासणी घ्यावी.

१. सन १९७९ मध्ये मी भालकीहून सनद घेऊन इथे आलो. माझी कानडी वळणाची मराठी ऐकून पक्षकार हसत आणि दुसरा वकील धरत. कोर्टासमोर चहाचे हॉटेल चालवणाऱ्या पंचफुला किसन सोनकांबळे यांनी मला आपल्या ओट्याचा कोपरा दिला. "बसा हितं. पक्षकार चहाला येतेतच की," म्हणाल्या. मी त्या कोपऱ्यात नऊ वर्षे वकिली केली.

२. बँकेतील ठेवी पत्नी महानंदा हिच्या. कायद्याची पुस्तके बाहेरगावाहून येणाऱ्या नव्या वकिलांना द्यावीत. सत्काराच्या सगळ्या शाली माझे राजकीय विरोधक हणमंतराव यांना. निवडणुकीत "भालकीचं पार्सल परत पाठवा" ही घोषणा त्यांचीच. पार्सल इथल्याच मातीत पुरायचे आहे, याची त्यांनी नोंद घ्यावी.

३. मी महापौर असताना रस्ता रुंद करायचे ठरले. पंचफुलाबाईंचे हॉटेल तासाभरात पाडले. त्या रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमचा ओटा बी त्याच रेघंत हाय की." माझ्या घराचा ओटा साडेतीन फूट रस्त्यावर होता. दुसऱ्या दिवशी मी दावा लावला आणि कोर्टात स्वतः उभा राहून त्याच्या पाडकामाला स्थगिती मिळवली. इतका चांगला युक्तिवाद मी पुन्हा कधी केला नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.

४. माझ्या मृत्यूनंतर तेरा दिवसांत तो दावा मागे घ्यावा व ओटा पाडावा. मागे उरणारी रस्त्याकडची खोली पंचफुलाबाईंना, त्यांच्या माघारी त्यांची मुलगी दामिनी हिला कायमची द्यावी. जिवंतपणी माझा हात धजला नाही, हेही लिहून ठेवतो.

५. उरलेले घर मुलगा ॲड. आदिनाथ याचे. आदिनाथ, खोली जाते म्हणून तू उद्या बापाला भ्रम झाला होता म्हणशील. म्हणून तुलाच साक्षीला बोलावले आहे. सही केलीस की ती वाट बंद. सक्ती नाही, कलम चार मात्र बदलणार नाही.

हे सर्व वाचून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

वै. ब. हलबर्गे
लातूर, दि. ७ ऑगस्ट २०२५

साक्षीदार १: हणमंतराव. शाली नकोत. वैजनाथराव शुद्धीवर आहेत, हे विरोधक म्हणून सांगतो.

साक्षीदार २: ॲड. आदिनाथ वैजनाथ हलबर्गे. वडील पूर्ण शुद्धीत आहेत. कलम चारला तेरावा कशाला हवा? दाव्याचा अर्ज आजच लिहितो. अण्णा, त्यावरही तुमचीच सही लागेल.