मातीआड केलेला पुरावा

१२ जानेवारी
यवतमाळला मध्यस्थीची पहिली बैठक. कारखान्याचा सांडपाण्याचा तलाव फुटून विष आमच्या नाल्यात उतरलं, त्याला तीन महिने झाले. कोर्टात गेलं तर वर्षं जातील, म्हणून वकिलांनी हा रस्ता दाखवला. मध्यस्थ म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश बाई. गोल टेबल, सगळ्यांना सारख्या खुर्च्या. मी उभा राहिलो, आवाज लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, "बसून बोला. इथे निकाल देणारं कोणी नाही."
मला बसून बोलता येत नाही. आयुष्य उभ्याने भाषणं करण्यात गेलं.
शेजारच्या खुर्चीत आमच्या गावची शेवंताबाई. लाल्या आणि वजीर, तिचे दोन्ही बैल नाल्याचं पाणी पिऊन मेले.

१३ जाने.
पारावर गणपत : "काय भाऊ, हालवली का नाही भाषनानं कोर्टाची बिल्डिंग?" सगळे हसले. मीही.

१९ जाने.
दुसरी बैठक. पिकं, विहिरी यांचं कारखान्याने बरंचसं मान्य केलं. तलाठ्याचे पंचनामे आहेत. शेवंताबाईपाशी गाडं अडलं. कारखान्याचा अधिकारी तरुण, नम्र. "बैल आमच्याच पाण्याने मेले कशावरून? शवविच्छेदन कुठे आहे?"
नाही. आमच्याकडे घरचा बैल गेला की त्याला अंघोळ घालायची, हळद-कुंकू लावायचं, नवं कापड पांघरायचं, मीठ टाकून आपल्याच धुऱ्यावर, शेताच्या बांधाला पुरायचं. चिरफाड कोण करू देतो?
मध्यस्थ बाई : "पशुवैद्यक आले नव्हते का?"
आले होते. हे आजवर या वहीतही लिहिलं नाही. ते पेटी घेऊन आले होते आणि मीच त्यांना अडवलं. खड्ड्याच्या काठावर उभा राहून बोललो, ज्यांनी तुमचं घर ओढलं त्यांच्यावर सुरी चालवू देता? बाया रडल्या, बापे रडले. डॉक्टर पेटी न उघडता परत गेले. त्या भाषणाचं कौतुक गावात अजून होतं.
बैठकीत मी समोरचे कागद चाळत राहिलो.

२० जाने.
बायकोला, नलूला सांगितलं. भाकरी थापताना तिने मान वर केली नाही. "मन तुमचं चांगलंच होतं वो. पन तुमाले थांबता येत नाही."
आयुष्यभर पुस्तकं वाचली. हे वाक्य घरातच होतं.

२४ जाने.
शेवंताबाईकडे गेलो, कबूल करायला. गोठा सारवलेला, दावी खुंटीला. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाली, "मले मालूम हाय ना जी. मी तं तिथंच होती."
"मग बैठकीत काहून नाही बोलल्या?"
"चार लोकायत तुमचं नाव खाली कायले पाडू?"
चहाचं आधण ठेवता ठेवता, "पेरनीच्या टायमाले कोनी आपली जोडी देत नाही, भाऊ. वावर पडीत राहीन माह्यं."
चहा घेतला. तिने माझ्यासाठी दूध बाहेरून आणलं होतं.

२ फेब्रु.
तिसरी बैठक. म. बाईंनी मला नि शेवंताबाईला आधी वेगळं घेतलं. मी सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तोडगा सुचवला : दोन्ही बाजूंसमोर उकरायचं, हाडं नि केस तपासायला पाठवायचे. विष निघालं तर कारखाना बैलजोडी घेऊन देईल. नाही निघालं तर शेवंताबाईने मागणी सोडायची. अधिकारी तयार झाला. डॉक्टर फोनवर म्हणाले, इतके दिवस मिठात, मातीत... काय उरलं असेल, सांगता येत नाही.
शेवंताबाई : "मले इचारू द्या."
"कोणाला?"
"त्याइलेच."

५ फेब्रु.
शेवंताबाई सकाळपासून धुऱ्यावर, बैलांपाशी बसून. गाव गोळा झालं. गणपत तापला. "समाधी उकरनं पाप हाय! भाऊ, तुमीच तं सांगतलं होतं ना?"
बोलायला तोंड उघडलं. एवढंच आलं : "मी चुकलो होतो."
"मंग तवा आमाले रडवलं कायले?"
शेवंताबाई उठून घरी गेली.

७ फेब्रु.
संध्याकाळी ५. शेवंताबाई दारात. आत या म्हटलं तरी आली नाही.
"उकरा म्हना त्याइले. पन मजूर नोको. पयली कुदळ तुमी मारा."
हो म्हटलं. म. बाईंना, डॉक्टरांना, कारखान्याच्या माणसाला फोन केले. उद्या सकाळी दहा.
ती फाटकापर्यंत गेली, परत आली.
"डाव्या अंगाले वजीर हाय. दोघायची हाडं मिसळू देजा नोको."