बोटे पाहिल्याशिवाय चहा नाही

सर, आज मी तुमच्या एका मताविरुद्ध वागले आणि तुमचा एक नियम पाळला. दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या बाबतीत घडल्या, म्हणून त्या वेगळ्या करून सांगता येत नाहीत.

मत कोणते, ते तुम्हांला सांगायला नको. मी तुमच्या हाताखाली भूल द्यायला शिकत होते. खुब्याचे ऑपरेशन झालेले एक लहान मूल वॉर्डात रडत होते. छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर, कूस बदलण्याचीही सोय नाही. मी म्हणाले, की भुलीतच पायाकडे जाणाऱ्या नसांभोवती बधिर करणारे औषध सोडले असते, तर जागे झाल्यावरही काही तास ते निवांत पडले असते. तुमच्यासमोर नुकताच चहा आला होता. तुम्ही कपाकडे पाहतच म्हणालात, "आन् पलस्तर आवळलं तं? दुखणं हा पहारेकरी हाय. त्यालेच झोपवलं, तं चोर आला हे कोन सांगन?" मी उत्तर दिले, की चोर असो वा नसो, जो पहारेकरी सारखाच ओरडतो, त्याच्या ओरडण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हे मूल आत्ता जखमेमुळे रडते आहे की प्लास्टरमुळे, हे तुम्ही तरी सांगू शकता का? तुम्ही मोठ्याने हसलात. "वकीलबाई, इकडे काऊन आली वं? कोर्टात जाचं होतं तुले." मग तुम्ही कपावर बशी झाकता, उठता, मला त्या खाटेपाशी घेऊन जाता. प्लास्टरच्या टोकाशी उघड्या राहिलेल्या बोटांपैकी अंगठ्याचे नख दाबता आणि सोडता. पांढरे पडलेले नख पुन्हा गुलाबी होते, म्हणजे बोटांपर्यंत रक्त पोहोचते आहे. "हे आधी," तुम्ही म्हणता, "चा मंग." माझ्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही त्या दिवशी दिले नाही, पुढेही कधी दिले नाही.

तुमच्या मतामागे तुमचा काळ होता, हे मी मान्य करते. तेव्हा सुई अंदाजाने पुढे सरकत असे. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर नस दिसते, सुईचे टोक दिसते, औषध नसेभोवती पसरताना दिसते, आणि वजनाप्रमाणे मात्रा आधीच ठरवलेली असते. परंतु साधन बदलल्याने तुमचा आक्षेप खोटा ठरत नाही, कारण तो सुईविषयी नव्हताच.

आजची मुलगी सिंदी गावची. शाळेत जाण्याचे वय अजून झालेले नाही. दोन्ही खुबे जन्मापासून निखळलेले. एका बाजूचे ऑपरेशन पूर्वी दुसरीकडे झाले होते, नसांना औषध न देता. आज दुसरी बाजू होती. आणि हाडात बसवलेल्या धातूच्या पट्ट्या काढण्यासाठी तिला पुढे पुन्हा आणावे लागणार होते. तिची आई सकाळी मला म्हणाली, "मागच्या टायमाले इतकी रडली बाई, का मी कानात बोटं घालून बसली. आताही तसंच झालं, तं पट्ट्या काढाले मी नाई आणणार. लंगडली तं लंगडू दे." मी तिला समजावले नाही. ज्याने ते रडणे ऐकले आहे, त्याच्याशी त्याविषयी वाद घालणे मला अप्रामाणिक वाटते. मी एवढेच सांगितले, की या वेळी पाय काही तास झोपलेला राहील. मुलीला भूल दिल्यावर मी दोन्ही मोठ्या नसांभोवती औषध सोडले.

ती वॉर्डात जागी झाली, तेव्हा रडली नाही. प्लास्टरकडे पाहून तिने विचारले, "माय, माहा पाय कुठी गेला?" आई म्हणाली, "हाय ना वं, निजला थो. तू काऊन जागली?" शेजारच्या खाटेवरची बाईही हसली. माझा चहा आला होता. मी कपावर बशी ठेवली आणि अंगठ्याचे नख दाबले. ते पांढरे झाले आणि पांढरेच राहिले. सावकाश, फार सावकाश रंग परतला. बोटे दुसऱ्या पायाच्या बोटांपेक्षा गार होती. मुलगी माझ्याकडे पाहून बिस्कीट मागत होती.

सर्जनला बोलावले. त्याने गुडघ्याखालचे प्लास्टर उभे कापून सैल केले, आतला कापूसही कापला. मी नख दाबत राहिले. रंग लवकर परतू लागला, बोटे ऊबदार झाली. या सगळ्या वेळात ती मुलगी कण्हलीसुद्धा नाही. म्हणजे चोर आला होता आणि पहारेकरी मी झोपवला होता. तुमचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. तरीही औषध दिले नसते, तर ती रडली असती, आणि ऑपरेशन झालेले मूल रडणारच, असे म्हणून आम्ही तिला थोपटले असते. माझेही म्हणणे टिकते. निष्कर्ष एवढाच निघतो, की पहारा हवा, पण तो मुलाकडून करून घ्यायचा नाही. तुम्ही त्या दिवशी खाटेपाशी नेलेत, तेच कदाचित तुमचे उत्तर होते. मी मात्र शब्दांची वाट पाहत राहिले.

संध्याकाळी आईने स्वतःहून विषय काढला. "पट्ट्या काढाले आणीन मी हिले. पन सुई तुमीच देजा. आन् बोटं पाहाले येजा." मी हो म्हणाले. बशीखालचा चहा तोवर थंडगार झाला होता. तो मी तसाच प्यायले.

हे पाठवायला ठिकाण नाही, आणि असते तरी मी हे असेच्या असे पाठवले नसते. तुम्ही हयात असता, तर मुलगी रडली नाही, एवढे मी तुम्हांला आजच फोन करून ऐकवले असते. बोटांचे सांगितले नसते.