रानमुगातला नर

९ नोव्हें.
कॉलेजला सुट्टी. वीस बाटल्या फळीवर मांडल्या, तोंडाला कापड. प्रत्येकीत वेगळं बी: चिंच, बाभूळ, शिरस, बरबटी (चवळी). ज्या बियातून जो भुंगेरा निघेल तो त्या नावावर.
सासूबाई बघत होत्या. "लोकं किडे मारतेत, तू पोसून राहिली. काहून वो?"
म्हटलं, आई, सगळे एकाच जातीचे नसतात.
"ते मले मालूम आहे. बरबटीचा बुटका, ठिपक्यावाला. चिचेचा लांब, जाड मांडीचा."
पेन खाली ठेवलं. पुस्तकाला एवढं सांगायला दोन पानं लागतात.

१४ नोव्हें.
बाटली (बा.) ७. तलावाच्या पारीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, रानमुगातून तीन भुंगेरे. पाठीवर पांढरा पट्टा, मिशा करवतीसारख्या, मागच्या मांडीवर एकच दात. ओळखतक्त्यात कुठेच बसेनात. चहा घेऊन परत तपासलं. नाहीच. फार छान वाटतंय.

२० नोव्हें.
नागपूरच्या कीटकशास्त्राच्या सरांना फोटो पाठवले होते. फोन आला. तिन्ही माद्या. नराच्या पोटातला जननाचा अवयव पाहिल्याशिवाय जात सांगता येत नाही म्हणाले. हरकत नाही, बा. ७ मध्ये बी आहे अजून.

२२ नोव्हें.
बा. ७ धुऊन उपडी. बी चुलीत.
सासूबाई म्हणाल्या, "लाखोरीची बिजाई बाजूलेच होती. मले भेव वाटलं." बिजाई म्हणजे लाखेच्या डाळीचं पेरायचं बी, त्याला कीड लागेल म्हणून.
मी जेवले नाही. त्याही नाही जेवल्या.

२३ नोव्हें.
सकाळी सासूबाई चप्पल घालून दारात. "चाल पारीवर. तो वेल दाखव."
शेंगा बहुतेक तडकलेल्या. पण त्यांची नजर माझ्याहून पक्की, गवतात हात घालून मूठभर काढल्या. येताना म्हणाल्या, "बिजाई मी कोठीत नेतो. फळी तुयी."

५ डिसें.
दोन निघाले. भिंगाखाली पाहिलं. दोन्ही माद्या! सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मले बी पहिले चार पोरीच झाल्या. मंग तुया नवरा आला."
दोघी किती वेळ हसत होतो.

११ डिसें.
बाकी बी कोरडंच, पोकळ. एकच उरलं. त्याच्या सालीवर गोल, पातळ खिडकी. आतून अळीनेच कोरलेली, बाहेर पडायला.
दुपारी सासूबाईंच्या हातात भिंग दिलं. त्यांनी ते खिडकीवर धरलं. मग हळूच, "हालून राहिलं वो."
दोघी चटईवर बसलो आहोत. भात शिजायचा आहे. कुणी उठत नाही.