एच नसलेला क्रेबिल

३ मार्च २०१४, सोमवार

नवी वही. निश्चय: रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, तक्रार करायची नाही.

आज तक्रार करण्यासारखं बरंच झालं. ट्रेंटने सगळ्यांना एकत्र बोलावलं. ट्रेंट म्हणजे कंपनीने पाठवलेला विभागीय संपादक. वय चौतीस, बूट टोकदार. आमच्या 'एबर्सबर्ग सेंटिनल'सकट ओहायोतली सहा दैनिकं सांभाळतो आणि सहाही गावांची नावं एकमेकांत मिसळतो. पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येकाच्या हातात त्याने एकेक पाकीट ठेवलं. स्वेच्छानिवृत्ती. वर्षाचा पगार, वर्षाचा आरोग्यविमा. सहीची मुदत ३१ मार्च, संध्याकाळी पाच. पुरेशा सह्या आल्या नाहीत तर इतर मार्ग बघावे लागतील, म्हणाला.

माझं मत: ही परीक्षा आहे. कोणाचा जीव पेपरात आहे आणि कोणाचा नाही, ते कंपनीला बघायचंय. मी डेस्कप्रमुख, म्हणजे छापण्याआधी प्रत्येक बातमी माझ्या हाताखालून जाते. डेस्कवर आता मी एकटाच उरल्यामुळे माझं प्रमुखपद निर्विवाद आहे.

पाकीट न उघडता नावांच्या कार्डांच्या हिरव्या पेटीत टाकलं, Z च्या मागे. Z मध्ये झिमर्ली एकटेच होते, तेही वारले. तिथे कोणी हात घालत नाही.

आर्लीनला सांगितलं नाही. बायकोला उगाच काळजी कशाला.

६ मार्च

पानं आता टेक्ससमधल्या केंद्रात लागतात. केंद्राने आज शाळेच्या कुस्तीच्या बातमीत हॉफस्टेटर एका टीने लिहिलं. एका टीचे हॉफस्टेटर ट्रॅक्टर विकतात, दोन टीचे दफनाचं बघतात. १९८८ पासून दोन्ही घरांत बोलणं नाही. आज दोन्हीकडून फोन आले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं की आमचा पेपर भिकार आहे.

एकूण चौदा चुका. लाल पेन्सिलीने खुणा करून यादी ट्रेंटला मेल केली. उत्तरात उभा अंगठा आला. एका अंगठ्यात माणूस किती सांगून जातो!

११ मार्च, मंगळवार

मोठा दिवस. ट्रेंटने केबिनमध्ये बोलावलं, चक्क 'दोस्ता' म्हणाला. माझ्या डोक्यातलं आणि पेटीतलं सगळं कुठेतरी उतरलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. कार्डं कॉम्प्युटरवर घ्यायची, म्हणजे केंद्राला वापरता येतील.

इथे नोंद करून ठेवतो: ही पेटी म्हणजे आर्लीनचा पाककृतींचा डबा. १९८३ मध्ये आठवड्याच्या बोलीने ऑफिसात नेला. आत गावातल्या प्रत्येक नावाचं एक कार्ड. स्टॉफर, एफ दोन. रीड, पण वाय घालून. मिल क्रीकवरचा पूल, पाटीवर चूक, दप्तरात बरोबर. मेथडिस्ट चर्चच्या सूपच्या जेवणाला रात्रीचं जेवण म्हणायचं नाही, बायका रागावतात. आणि सगळ्यांत पुढे नियमाचं कार्ड: 'ऐकलं तसं लिहू नये. नाव इथे नसेल तर त्या माणसालाच फोन करून विचारावं.'

म्हणजे माझ्याशिवाय पान हलत नाही, हे अखेर वरपर्यंत पोचलं. पेटीला मान मिळतोय तो मलाच मिळतोय. निवृत्तीच्या पाकिटाची गरजच उरली नाही.

डॉटी पेनेलला सांगितलं. डॉटी निधनवार्ता आणि चर्चच्या बातम्या बघते, जीभ तिखट. मान वर न करता म्हणाली, "वेंडल, तू स्वतःची खुर्ची टाइप करून देतोयस."

मत्सर.

१९ मार्च

रोज दीडशे कार्डं करायची ठरवलं होतं. आज बावीस झाली. प्रत्येक कार्डामागे एक गोष्ट आठवते.

केंद्रातून मारिसोल नावाच्या मुलीचा फोन. एबर्सबर्गची पानं तीच लावते. आवाज गोड, शंका अचूक. हॉफस्टेटर प्रकरणाबद्दल तिने माफी मागितली. तिला नियमाचं कार्ड वाचून दाखवलं. तिने ते लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. अशी माणसं हाताखाली मिळाली तर मी टेक्सस चालवून दाखवीन.

छपाई आता १४० मैलांवर होते, म्हणून पान दुपारी साडेतीनला सोडावं लागतं. काल संध्याकाळी शाळा समितीने मुख्याध्यापकाला काढलं, ते वाचकांना उद्या कळेल. पण त्याचं नाव बरोबर असेल.

२७ मार्च

डॉटीने सही केली. केक कापला. केकवर तिचं नाव बेकरीने बरोबर लिहिलं होतं. मी आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घेतली होती.

मी तिला बाजूला घेऊन समजावलं की पळून जाणं तिला शोभत नाही. तिने केकची बशी माझ्या हातात दिली आणि आर्लीनचे हात कसे आहेत, ते विचारलं. म्हटलं, संधिवाताचं इंजेक्शन सुरू आहे, बशी धरता येते, बटणं लावता येतात. मग तिने विचारलं की ते इंजेक्शन कोणाच्या विम्यावर चाललंय.

केक फार गोड होता.

रात्री आर्लीन म्हणाली, चर्चमध्ये डॉटी कुठल्याशा पाकिटाबद्दल बोलत होती. तुला आलं का? म्हटलं, ते ज्यांना नेमून दिलेलं काम नाही त्यांच्यासाठी आहे. हे तसं खोटं नाही. माझं काम कोणीच नेमून दिलेलं नाही, मीच ते उभं केलंय.

३१ मार्च, सोमवार

दुपारी ४.१०. आर वर पोचलो. रायखेनबाख. सावकाश टाइप करावं लागतं.

४.३५. पाकीट काढून नुसतं वाचायला काय हरकत आहे? वाचलं. मजकुरात दोन स्वल्पविराम चुकलेत. ज्यांना स्वल्पविराम जमत नाही त्यांच्या हाती मी आयुष्य देऊ?

४.५२. पेन हातात होतं. ते ठेवून लाल पेन्सिलीने स्वल्पविराम दुरुस्त केले.

५.०४. झालं. मोकळं वाटतंय. पाकीट परत Z च्या मागे टाकलं.

१४ एप्रिल

निश्चय: आर्लीनला पाकिटाचं सांगायचं. आता मुदत संपलीच आहे, तेव्हा सांगायला धोका नाही.

आज तिने स्वतः बरणीचं झाकण उघडलं आणि मला हाक मारून दाखवलं. अशा वेळी कसं सांगणार? पुढच्या आठवड्यात.

२५ एप्रिल

संपलं! ४११२ नावं. शेवटचं कार्ड झिमर्ली. यादी ट्रेंटला आणि मारिसोलला पाठवली. मारिसोलने लिहिलं की तिने अशी गोष्ट कधी पाहिली नव्हती. ट्रेंटने 'कमाल' लिहिलं आणि पुढे माझी वेळ विचारली: ९ मे, शुक्रवार, दहा वाजता मोकळा आहे का?

नवं पद असणार. सहाही दैनिकांचा भाषाप्रमुख वगैरे. चार ओळींचं भाषण तयार केलं. नम्र आहे, पण फार नाही.

९ मे, शुक्रवार

अकरा मिनिटं. मी घड्याळ बघत होतो.

ट्रेंट होता आणि फोनच्या स्पीकरवर मनुष्यबळ विभागाची एक बाई. बाईने कागद वाचून दाखवला. चौघांना कमी केलंय, डेस्क बंद. सहा आठवड्यांचा पगार. विमा ३१ मेपर्यंत. ट्रेंट टेबलाकडे बघत म्हणाला की आता यादी असल्यामुळे केंद्राला सगळं तिकडूनच जमतं, आणि यादी खरंच फार उत्तम झालीये. मी आभार मानले. तोंडातून निघून गेलं.

मग बाईने विचारलं, काही शंका? मी विचारलं, पाकिटातला प्रस्ताव अजून आहे का? फोनमध्ये कागद चाळल्याचा आवाज आला. नाही, म्हणाली.

किल्ली दिली. पेटी काखेत मारून बाहेर पडलो. ट्रेंटने दार धरून ठेवलं. भाषण खिशातच राहिलं.

पेटी गाडीच्या डिकीत ठेवली. आर्लीनला आज सांगत नाही. शुक्रवार आहे.

११ मे

रविवार. चर्च. रविवारी कोण सांगतं.

१२ मे

जेवणाचा डबा घेऊन नेहमीच्या वेळी घरातून निघालो. निश्चय: कंपनी दोन आठवड्यांत परत बोलावणार, तोवर सराव सुटू द्यायचा नाही. वाचनालयात बसून आजचा 'सेंटिनल' लाल पेन्सिलीने तपासला. नावांत एकही चूक नाही. एकही नाही. तीनदा बघितलं.

डबा गाडीत खाल्ला. हॅम, मोहरी, आर्लीनने चिरलेलं सफरचंद. सफरचंदाच्या फोडी सारख्या झाल्या होत्या. हात चांगले चाललेत तिचे.

१३ मे, मंगळवार, सकाळी ७.२०

हे लगेच लिहितोय, न्हाणीघरात बसून.

आर्लीन पेपर वाचत होती. पान तीन, खालचा कोपरा, मथळा: 'सेंटिनल'मधून चौघे कमी. तिने चारही नावं मोठ्याने वाचली. तिसरं नाव वेंडल क्रेबिल. मग चष्मा काढून म्हणाली, "वेंडल, यात एच नाहीये."

आमच्या नावात मधे एक एच आहे. तो बोलायचा नसतो, पण लिहायचा असतो. माझ्या आजोबांनी त्यावरून एका पाद्र्याशी भांडण केलं होतं.

मी म्हटलं, "मग तो दुसरा कोणी असेल. एच नसलेला."

दोन्ही हातांनी केटली धरून आर्लीनने माझ्या कपात कॉफी ओतली आणि डबा माझ्यासमोर सरकवला.

हे तसं पटण्यासारखं आहे. एका टीचे आणि दोन टीचे हॉफस्टेटर वेगळेच आहेत की. एका अक्षराने माणूस बदलतो, हे मी एकतीस वर्षं सांगत आलोय.

१४ मे

वाचनालयाच्या फोनवरून केंद्राला फोन लावला. चढ्या आवाजातच सुरुवात केली. चार हजार एकशे बारा नावं बरोबर आणि ज्याने ती दिली त्याचंच चूक? मारिसोलने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "ट्रेंटच्या चिठ्ठीत एच नव्हता. मला शंका आली म्हणून यादीत शोधलं. यादीत तुमचं नाव नव्हतं, सर."

नव्हतं. गावातले झिमर्लीपर्यंत सगळे आणि मी नाही. स्वतःच्या नावाचं कार्ड कोण करतं? ते सांगायला मी तिथे असणारच होतो.

"मग तुमच्या नियमाप्रमाणे त्या माणसालाच फोन केला," ती म्हणाली. "तुमच्या टेबलावरच्या फोनवर. खूप वेळ वाजला."

मग तिने जरा चाचरत सांगितलं की केंद्रही आता कुठेतरी दुसऱ्या देशात हलतंय आणि सोमवारी त्यांना पण पाकिटं वाटली. काही जण म्हणतात ही परीक्षा आहे. मी अनुभवी, तर मला काय वाटतं, सही करावी का?

माझ्याकडे या विषयावर पुष्कळ मतं होती. ती सगळी जिभेपर्यंत आली.

म्हटलं, "आजच कर. घरच्यांना दाखव आणि कर."

१५ मे, गुरुवार

सकाळी डबा भरलेला नव्हता. टेबलावर हिरवी पेटी आणि पाकीट. पाकीट उघडलेलं, माझे लाल स्वल्पविराम वर.

आर्लीन म्हणाली की एकतीस वर्षं ती हा पाककृतींचा डबा परत मागतेय. शनिवारी सामान ठेवताना डिकीत दिसला, तेव्हाच तिला कळलं. म्हणजे ती शनिवारपासून वाट बघत होती. सोमवारी माझा जेवणाचा डबा भरला तेव्हाही आणि मंगळवारी ती नावं मोठ्याने वाचली तेव्हाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नोकरीचं तिला काही म्हणायचं नव्हतं. पाकिटावरच्या तारखेवर बोट ठेवून एवढंच म्हणाली, "ही मला वाचू द्यायची होती."

बोट सरळ होत नाही तिचं. फ्रिजमध्ये दोन इंजेक्शनं आहेत. एक उद्याचं, एक तिसाव्या तारखेचं.

मला एकच गोष्ट येते. पेटीतून कोरं कार्ड काढलं आणि आपल्या पेपरात असते तशी दुरुस्ती लिहिली:

'दुरुस्ती: मंगळवारच्या अंकात पान तीनवर कामावरून कमी केलेल्यांमध्ये वेंडल क्रेबिल यांचे नाव एचशिवाय छापले गेले. ते एचसह वाचावे. ती व्यक्ती दुसरी कोणी नाही.'

खाली आमचं आडनाव एकेक अक्षर सुटं करून लिहिलं, एचसकट. कार्ड तिच्यापुढे ठेवलं.

आर्लीनने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. म्हणाली, स्पेलिंग बरोबर आहे.