नंदाताईंचा नाकतोडा

किहीम, मंगळवार, संध्याकाळ

सहा पाय. सकाळपासून तेच डोक्यात आहे.

बालवाडीच्या नंदाताईंनी परवा मुलांना रंगवायला म्हणून स्वतः पेन्सिलने काढलेले चार कीटक माझ्या दुकानात झेरॉक्सला दिले. रेघा मला पुसट वाटल्या. मी आपला शहाणपणा केला. नेटवरून जाड रेघांचे, हसऱ्या तोंडाचे कीटक काढून त्यांच्या प्रती दिल्या. आणि ताईंची चित्रं? दुकानाच्या सवयीने पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात. त्यावर आम्ही ट्रायल प्रिंट मारतो.

आज बालवाडीवरून जाताना खिडकीतून एका पोरीचा आवाज आला, "बाई, या नाकतोड्याला चारच पाय हायत!"

"दोन तू काढ, बाय," ताई म्हणाल्या.

दुपारी त्या आपली चित्रं मागायला आल्या. सगळा गठ्ठा उपसला. नाकतोडा तेवढा सापडला, पाठीवर कुणाचा तरी सातबारा छापलेला. मी हसत म्हटलं, "ताई, जमीन नाकतोड्याच्या नावावर झाली बघा." त्याही हसल्या. कागद मात्र काउंटरवरच ठेवला. पायरी उतरताना सोबतच्या मदतनीस बाईंना हळूच म्हणाल्या, "चार दिवस बसले होते गं. आता न्हाय काढायची मी."

माझे कान तिखट. ऐकू आलंच.

माफी मागायची तिथे विनोद का केला मी?

नाकतोडा या वहीत ठेवलाय. आत्ता पुन्हा पाय मोजले. सहा. मागच्या दोन पायांवर बारीक काटेसुद्धा काढलेत. चष्मा न लावता दिसले.