भाताचा स्वेटर

आई,

तुझा भाताचा गंज मी कलाकृती म्हणून प्रदर्शनात ठेवला होता. बाबांचा तपकिरी स्वेटर घालून, सगळी बटनं लावून, दोन्ही बाह्या लोंबत्या सोडून. भोवती दोरी, समोर 'भाताचे पातेले. हात लावू नये' अशी पाटी. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अवं, गंजाले काय करंट लागते काय?" लोक त्याच्यासमोर उभे राहून अतिवास्तववाद, अबोध मन, असलं काही बोलत होते. एका पोट्टीनं विचारलं, "दीदी, ये आइडिया आया कहाँ से? कोई सपना देखा था?" मी "हव" म्हणून मोकळी झाले. खरं सांगायला गेले असते तर रडूच फुटलं असतं, अन् तेवढ्या माणसांत कशाला तमाशा!

कुठलं सपन अन् कुठलं काय. रेल्वे क्वार्टरातलं आपलं स्वयंपाकघर, हाडं गोठवणारी थंडी. बाबांची ड्यूटी कधी सुटेल याचा नेम नाही. तू भाताचा गंज आधी लुगड्यात गुंडाळतेस, मग खुंटीवरचा स्वेटर दिसतो. तू तो गंजाला घालून बटनं लावतेस, लेकराला घालावा तसा. बाबा येतात आणि दारातच थांबतात. "अवं, मी तिकडं थंडीनं मरून राहिलो, अन् माहा स्वेटर भातानं घातला?" तू म्हणतेस, "तुमच्यासाठीच तापवून राहिली ना!" जेवण झाल्यावर ते तोच गरम स्वेटर अंगात चढवतात आणि डोळे मिटून बसतात. मग दर हिवाळ्यात तेच. आधी भात घालणार, मग बाबा.

बाबा गेल्यावर मी भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात लागले, तेव्हा तो गंज माझी वाट पाहू लागला. पहिल्याच दिवशी भुकेच्या तडाख्यात मी वरचं बटन खोललं, तर तू केवढी ओरडलीस! "वरून काहून खोलते वं? सगळी वाफ जाते. खालून खोल." रोज हेच. मी चिडायची, म्हणायची, भातच आहे तो, कोणी पाहुणा नाही. तू ऐकायची नाहीस. जेवण झालं की स्वेटर माझ्या खांद्यावर टाकायचीस. त्याला भाताचा वास यायचा आणि मला तो आवडायचा, हे मात्र तुला कधी बोलले नाही.

प्रदर्शनात एक म्हातारी आली. तुझ्यासारखीच बोलणारी, आपल्याच भागातली. पाटीबिटी न बघता तिनं दोरीखालून हात घातला आणि खालचं बटन खोललं. खालचं, आई! आत चाचपून माझ्याकडे वळली. "बाई, हा तं रिकामा हाय. रिकामा गंज काहून झाकला? भात सरला का स्वेटर माणसानं घालावा ना." एवढं बोलून ती वळली. मला तिच्यामागे पळत जावं, घरी चला म्हणावं, असं फार वाटलं. पण ती सुनेचा हात धरून निघून गेली.

दिल्लीच्या एका संग्रहालयाला तो गंज कायमचा हवा होता. मी हो म्हटलं होतं, गाडीही ठरली होती. म्हातारी गेल्यावर मात्र जीव थाऱ्यावर राहिना. स्वेटरला कसर लागली, पाठवता येणार नाही, असं कळवून टाकलं. चक्क खोटं. डांबराच्या गोळ्या घालून इतकी वर्षं जपलेला स्वेटर तो, कसरीची काय बिशाद!

आज तो गंज माझ्या तेलीबांध्याच्या घरी आहे. सकाळी त्यात भात केला, झाकण ठेवलं, स्वेटर घातला आणि दुपारपर्यंत थांबले. भात अजून गरम होता गं. जेवून स्वेटर अंगात घातला आणि तसाच ठेवून लिहायला बसले. हे पत्र टाकायचं कुठं, ते काही माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. आज मी वरचं बटन आधी खोललं. मुद्दाम. मग हात तसाच ठेवून जरा वेळ थांबले. कोणी ओरडलं नाही.