बाबांच्या चित्रातलं काळं

प्रिय किमया,

प्रदर्शनात बाबांच्या चित्राखाली लावायचा तुझा मजकूर मिळाला. सोबतच्या संमतीच्या कागदावर बाबांच्या माघारी मी सही करून धाडावी म्हणतेस. मी तो मजकूर चार वेळा वाचला. त्यात ‘अमूर्त अभिव्यक्तिवाद’ तीनदा आलाय, आपल्या नेरे गावाचं नाव एकदाही नाही. काळा रंग म्हणजे म्हणे हरलेल्या माणसाच्या मनातला अंधार, आणि कडेचा नारिंगी म्हणजे मावळती आशा. अगं, कुणाची आशा मावळली होती?

चित्राच्या मागं तारीख आहे, ती तू बघितलीच नाहीस. एप्रिल २००२. तू पाच वर्षांची, मामाकडे पिरंगुटला होतीस. कंपन्यांसाठी आपली भाताची खाचरं घ्यायची नोटीस आली होती आणि रस्ता अडवला म्हणून बाबांना दोन दिवस आत ठेवलं होतं. शाळेत चित्रकला शिकवणारा साधा माणूस. भाताचं बी टाकायच्या आधी शेण-पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, त्याला आपण राब म्हणतो, एवढं तरी तुला आठवत असेल. तुझी आजी, रंभाबाई, मला म्हणाली की जमीन चाललीया, आता राब कुनासाठी भाजतीस. मला लई राग आला. मी एकटीनं पाला वाहिला आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवला, जाळ सावकाश सरकावा म्हणून. बाबा सुटून आले, बांधावर उभे राहिले. मूठभर राख घरी आणली, रंगात कालवली आणि आठ दिवसांत ते चित्र केलं. घरी आलीस की बोट लावून बघ, काळं अजून खरखरीत लागतं. ती नारिंगी रेघ म्हणजे सरकणारा जाळ आहे. श्रावणात खाचरं गेली, हे खरं. पण त्याआधी आम्ही त्या राबातलं रोप उपटून घरामागच्या तुकड्यात लावलं होतं. तो भात तू खाल्लायस.

मी सही केलेली नाही. चित्र त्यांचं म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले, पण राब मी पेटवला होता आणि माझ्या जाळाला कुणी हार म्हटलेलं मला चालणार नाही, तू म्हटलेलंसुद्धा नाही. या रविवारी घरामागच्या तुकड्यात राब भाजायचाय. ये. या वेळी काडी तू लाव, हात काळे कर आणि मग मजकूर लिही. तोवर चित्र आपल्या घरच्या भिंतीवरून उतरणार नाही.

तुझीच, अजून राब भाजणारी,
आई